गॅट्सबीचे शर्ट पाहून डेझी का रडली?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकत्र बसतो आणि आधी ठरवून वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. या वेळी एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची १९२५ साली प्रसिद्ध झालेली 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी होती, आणि एरवी चहाबरोबर संपणारी आमची बैठक या वेळी रात्री साडेनऊपर्यंत लांबली, तीही एकाच प्रसंगावरून.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १९२२चा उन्हाळा, स्थळ न्यूयॉर्कजवळचे लाँग आयलंड. जे गॅट्सबी नावाचा गडगंज तरुण तिथे प्रचंड वाड्यात राहतो आणि दर आठवड्याला शेकडो लोकांना मेजवान्या देतो. त्यातल्या बहुतेकांना त्याने बोलावलेलेही नसते. हा सारा थाट डेझी नावाच्या एका स्त्रीसाठी आहे, हे पुढे कळते. पाच वर्षांपूर्वी, सैन्यात असताना, तो तिच्या प्रेमात पडला होता. तो युद्धावर गेला आणि तिने टॉम ब्यूकॅनन या पिढीजात श्रीमंत माणसाशी लग्न केले. आता ती खाडीच्या पलीकडे राहते आणि तिच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर जळणारा एक हिरवा दिवा गॅट्सबीला आपल्या हिरवळीवरून दिसतो.

वाद झाला तो पाचव्या प्रकरणातल्या शर्टांवरून. इतक्या वर्षांनी डेझी त्याच्या घरी येते, तो तिला खोल्यांमागून खोल्या दाखवत नेतो, शेवटी कपाट उघडतो आणि तिच्यापुढे एकामागून एक शर्ट फेकू लागतो. तलम लिनन, जाड रेशीम, मऊ फ्लॅनेल, पोवळ्याचा रंग, कच्च्या सफरचंदाचा हिरवा, फिकट नारिंगी, असा त्यांचा ढीग टेबलावर होतो आणि त्या ढिगात तोंड खुपसून डेझी हमसून रडू लागते. इतके सुंदर शर्ट आपण कधी पाहिले नव्हते म्हणून वाईट वाटते, एवढेच कारण ती सांगते. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले की ती लोभी बाई आहे, विषय संपला. दुसऱ्या एका ताईंनी सांगितले की ती गॅट्सबीवरच्या प्रेमाने रडली, शर्ट हे केवळ निमित्त. मला दोन्ही पटले नाही, पण मला काय पटते तेही सांगता आले नाही. माझा प्रश्न एवढाच की ती नेमकी कशासाठी रडली, आणि ती कशासाठी रडते आहे हे गॅट्सबीला कळले असेल का?

गादीवाला

आपला प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून इंग्रजी साहित्याचा फारसा अभ्यास नसतानाही उत्तर देण्याचे धाडस करतो. महाद्वार रोडच्या परिसरात माझे कापडाचे दुकान आहे आणि गेली चाळीस वर्षे मी बस्ते दाखवत आलो आहे. कादंबरी मुलीच्या आग्रहाने गेल्या वर्षी वाचली.

कापडापुढे रडणारी माणसे मी पाहिली आहेत. एक प्रसंग विसरता येत नाही. लग्नाच्या बस्त्याला करवीर तालुक्यातले एक कुटुंब आले होते, नवरीकडची दहा-बारा माणसे गादीवर बसली होती आणि मी शालू उलगडून दाखवत होतो. नवरीची मावशी मागे भिंतीला टेकून गप्प बसली होती. मी एक डाळिंबी शालू उलगडला, त्याचा पदर सहज तिच्या गुडघ्यावर पडला, तिने त्यावरून हात फिरवला आणि ती रडायला लागली. सगळे घाबरले. 'किती मऊ आहे हो,' एवढेच ती म्हणाली. नंतर तिच्या बहिणीने दबक्या आवाजात सांगितले, की तिचे लग्न बहात्तरच्या दुष्काळात झाले, घरात दाणा नव्हता आणि अंगावर सुती लुगडे होते. मावशीला त्या शालूचा लोभ नव्हता. भाचीचा हेवाही नव्हता. त्या मऊपणामुळे तिला तिचे ते वर्ष आठवले असावे, पण गादीवर बारा माणसांत ते बोलायचे कसे? मग कापडाबद्दल बोलायचे. डेझीचे वाक्य मी तसे वाचतो. शेजारी निक, म्हणजे ही सारी कथा सांगणारा माणूस, हजर असताना बोलता येण्यासारखे तेवढेच होते.

आता दुकानदार म्हणून आणखी एक गोष्ट. जो माणूस शर्ट घालतो तो शर्ट फेकत नाही. गॅट्सबी त्या वेळी मला कपाटाचा मालक वाटत नाही, गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून थप्पीमागून थप्पी सोडणारा दुकानदार वाटतो, आणि त्याची ती घाई मी चांगली ओळखतो. शिवाय हे शर्ट त्याने स्वतः निवडलेले नाहीत. इंग्लंडमधला एक माणूस दर हंगामाला त्याच्यासाठी कपडे खरेदी करून पाठवतो, असे तोच सांगतो. स्वतःच्या आवडीचा रंग कोणता हेही ज्याच्या मालकाला ठाऊक नाही असा हा गिऱ्हाईकविरहित माल आहे. पाच वर्षे त्याने फक्त माल भरला.

जाता जाता एक हिशेब. टॉमने लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला मोत्यांचा हार दिला त्याची किंमत साडेतीन लाख डॉलर सांगितली आहे. निक ज्या घरात राहतो त्याचे भाडे महिन्याला ऐंशी डॉलर. म्हणजे त्या एका हारात निकचे तीनशे चौसष्ट वर्षांचे भाडे बसते. गुजरीत सराफी करणाऱ्या माझ्या मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, की अशा हारापुढे शर्ट घेऊन जाणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा प्रेमात असतो.

खडू-डस्टर

गादीवाले काकांनी मावशीचा प्रसंग फार नेमका सांगितला आहे. मी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि ही कादंबरी पदव्युत्तर वर्गाला अनेकदा शिकवली. शर्टांच्या प्रसंगावर मुले हमखास हसत असत आणि ते हसू कसे थांबवावे हे मला बराच काळ कळले नव्हते. पुढे मी एक युक्ती केली. तो प्रसंग शिकवण्याआधी मी चौथ्या प्रकरणातला दुसरा एक प्रसंग वाचून दाखवू लागले, आणि मग कोणी हसेनासे झाले.

तो प्रसंग १९१९च्या जून महिन्यातला, डेझीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा आहे. ती पलंगावर दारूच्या नशेत पडलेली आहे. एका हातात बाटली आहे, दुसऱ्या हातात पत्र आहे, आणि काकांनी हिशेब केला तो हार तिने केराच्या टोपलीत टाकला आहे. हार ज्याचा आहे त्याला परत द्या, डेझीने विचार बदलला असे सांगा, असे ती म्हणते आणि रडत सुटते. मैत्रीण आणि आईची मोलकरीण मिळून तिला गार पाण्याच्या टबात बसवतात. पत्र काही ती सोडत नाही. पाण्यात त्याचा बोळा होतो, आणि बर्फासारखे त्याचे तुकडे होऊ लागले तेव्हा कुठे ती ते साबणाच्या वाटीत ठेवू देते. अर्ध्या तासाने हार तिच्या गळ्यात असतो. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती टॉमशी लग्न करते आणि तिच्या चेहऱ्यावर कसलीही खूण नसते. पत्र कोणाचे होते ते लेखक स्पष्ट सांगत नाही, पण वाचकाला शंका राहत नाही.

म्हणजे डेझी मौल्यवान वस्तूपुढे दोनदा रडते. पहिल्या वेळी एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला मोती होते आणि कागद पाण्यात विरघळला. दुसऱ्या वेळी, तोच माणूस हात भरभरून रेशीम फेकतो आहे. हे तीन वर्षे आधी आले असते तर तिला निवड करावीच लागली नसती, हा विचार तिच्या मनात शब्दांत आला असेल असे मी म्हणणार नाही, पण ते रडणे मला त्या विचाराचेच वाटते. बँक अधिकाऱ्यांचा लोभ आणि ताईंचे प्रेम या दोन गोष्टी तिच्या बाबतीत वेगळ्या करता येत नाहीत, कारण तिच्या आयुष्याने त्या तिला वेगळ्या करून कधी दाखवल्याच नाहीत.

मात्र आपण गॅट्सबीला भोळा समजू नये. डेझीच्या आवाजात काय आहे ते निकला नेमके सांगता येत नाही. तिचा आवाज पैशाने भरलेला आहे, हे सातव्या प्रकरणात गॅट्सबीच पटकन सांगून टाकतो. त्याला ते पहिल्यापासून दिसत होते. लुईव्हिल गावात १९१७ साली तो तिच्या घरी प्रथम गेला तेव्हा इतके सुंदर घर त्याने कधी पाहिले नव्हते, आणि तिच्यावर आधीच बऱ्याच पुरुषांचे मन जडले होते या गोष्टीने तर तिचे मोल त्याच्या लेखी वाढले, असे कादंबरीत स्वच्छ लिहिले आहे. खिशात दमडी नसलेल्या त्या लेफ्टनंटला तिच्या दारातून आत नेले ते केवळ गणवेशाने. गणवेशात गरीब-श्रीमंत कळत नाही. आपण तिच्याच थरातले आहोत असा तिचा समज त्याने होऊ दिला, आणि पुढची पाच वर्षे त्याने तो समज खरा करण्यात घालवली.

तो खरा कसा केला हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत जानेवारी १९२०मध्ये दारूबंदी अमलात आली आणि ती १९३३च्या डिसेंबरपर्यंत टिकली. गॅट्सबी आणि त्याचा भागीदार यांनी औषधांची बरीच दुकाने घेऊन तिथून चोरून दारू विकली, हे टॉम सर्वांसमक्ष उघड करतो. टॉम स्वतः बाहेरख्याली आहे, बायकोच्या देखत खोटे बोलतो, पण त्याचा पैसा जुना असल्यामुळे तो कसा आला हे कोणी विचारत नाही. खाडीच्या एका बाजूला जुन्या पैशाचे, टॉमचे ईस्ट एग आणि दुसऱ्या बाजूला नव्या पैशाचे, गॅट्सबीचे वेस्ट एग अशी दोन टोके लेखकाने उगाच ठेवलेली नाहीत. डेझी गॅट्सबीच्या मेजवानीला एकदाच येते आणि तिला ती आवडत नाही. नव्या पैशाचा तो उघडा उत्साह तिला भिववतो. त्यामुळे शर्टांचे जे काही सामर्थ्य होते ते त्या एका दुपारपुरते होते, असे मला वाटते.

पैशाबाबत गॅट्सबीचे डोळे उघडे होते. त्याचा भ्रम काळाबाबतचा होता. गेलेला काळ पुन्हा आणता येत नाही असे निक म्हणतो तेव्हा तो अविश्वासाने ओरडतो की का नाही येणार, अर्थातच येतो. डेझीने टॉमला सोडावे एवढ्यावर त्याचे समाधान नाही. टॉमवर माझे कधीच प्रेम नव्हते, असे तिने तोंडाने म्हणावे आणि मधली वर्षे पुसून टाकावीत, हा त्याचा हट्ट आहे. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातल्या त्या उकाड्याच्या दुपारी ती ते म्हणून पाहते आणि तिला ते जमत नाही. आपले दोघांवरही प्रेम होते असे ती कबूल करते, आणि गॅट्सबी हरतो तो त्या एका 'ही'पाशी.

लेखकाला हे सारे कुठून ठाऊक होते, असे विद्यार्थी विचारत. फिट्झजेराल्ड स्वतः सैन्यात असताना अलाबामातल्या माँटगोमेरी गावी झेल्डा सेयर हिच्या प्रेमात पडले. त्यांच्या तुटपुंज्या कमाईला कंटाळून तिने ठरलेले लग्न मोडले. १९२०च्या मार्चअखेर त्यांची पहिली कादंबरी निघाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांचे लग्न झाले. त्यांना पैसा वेळेवर मिळाला, एवढाच काय तो गॅट्सबीत आणि त्यांच्यात फरक. 'गॅट्सबी' मात्र त्यांच्या हयातीत फारशी खपली नाही, आणि १९४० साली, वयाच्या ४४व्या वर्षी ते वारले तेव्हा तिच्या न विकलेल्या प्रती गोदामात पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटण्यासाठी तिच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या आणि तिथून तिचे नशीब फिरले. गणवेशातल्या एका प्रेमिकाची गोष्ट गणवेशातल्या वाचकांनी उचलून धरली, हे मला नेहमी योग्य वाटत आले आहे.

एक अवांतर आठवण लिहिल्यावाचून राहवत नाही. गॅट्सबीच्या ग्रंथालयात घुबडासारखा चष्मा घातलेला एक पाहुणा पुस्तके खरी आहेत याचे नवल करतो, आणि त्यांची पाने मात्र कापलेली नाहीत हेही दाखवतो. पूर्वी पुस्तकांची पाने कडेला जोडलेली येत आणि वाचकाने ती सुरीने सोडवायची असत. विद्यार्थिदशेत एका ग्रंथालयातून मी आणलेल्या इंग्रजी ग्रंथाची अर्धी पाने तशीच जोडलेली होती. त्यावर नोंदणीचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा होता. ती पाने मी पट्टीने एकेक करून सोडवली तेव्हा कागदाचा भुगा मांडीवर पडला होता. त्यामुळे त्या पाहुण्याचे ते वाक्य वाचले की माझ्या बोटांना अजून तो भुगा जाणवतो.

एकतिसावी

मॅडम, आपले विवेचन वाचून पुष्कळ नवे कळले, तरी एक तक्रार नोंदवते. या धाग्यावर आतापर्यंत सर्वांनी डेझीचे मन वाचले आहे, आणि कादंबरीत नेमके तेच होते. सगळी कथा निक सांगतो, म्हणजे तिचा दूरचा भाऊ. टबातल्या पत्राची हकिगत त्याने पाहिलेली नाही. ती त्याला डेझीच्या त्याच मैत्रिणीने, जॉर्डन बेकरने सांगितली, आणि जॉर्डन बेइमान आहे असे तोच आपल्याला सांगतो. अशा दुहेरी ऐकीव पुराव्यावर आपण एका बाईच्या अश्रूंचा निकाल लावत आहोत. डेझीचे स्वतःचे म्हणून जे मोजके बोलणे आहे त्यात मुलगी झाली तेव्हाचे बोलणे आहे: शुद्धीवर आल्यावर मुलगी आहे असे कळताच ती रडली आणि म्हणाली की ती मूर्ख निघो, कारण या जगात मुलीने सुंदर आणि मूर्ख असणेच बरे. त्या वेळी टॉम कुठे होता हे तिला ठाऊक नव्हते. म्हणजे मॅडम, ती दोनदा नाही, निदान तीनदा रडली आहे, आणि त्या वेळी समोर कोणतीही मौल्यवान वस्तू नव्हती.

त्या मुलीवरूनच गॅट्सबीच्या भ्रमाचे माप मिळते. ती सुमारे तीन वर्षांची आहे. सातव्या प्रकरणात तिला पाहुण्यांसमोर आणतात, गॅट्सबी वाकून तिचा छोटा हात हातात घेतो, आणि मग तिच्याकडे चकित होऊन पाहत राहतो. ती खरोखर आहे यावर त्याचा तोवर विश्वासच बसला नव्हता, असे निकला वाटते. पाच वर्षे पुसायला निघालेल्या माणसाने या मुलीचे काय करायचे ठरवले होते, हा प्रश्न आमच्या पिढीला आधी पडतो.

आणि कपड्यांवरून रडणारी दुसरी एक बाई या कादंबरीत आहे, तिची आठवण कोणालाच झाली नाही, याचे मला खरे वाईट वाटले. मर्टल विल्सन. वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्या मधल्या राखेच्या ओसाडीत तिच्या नवऱ्याचे गॅरेज आहे, आणि ती टॉमची ठेवलेली बाई आहे. दुसऱ्या प्रकरणात ती सांगते की आपला नवरा सभ्य घरातला आहे असे समजून तिने लग्न केले. पुढे एक दिवस एक माणूस दारात आला आणि लग्नातला सूट परत मागू लागला, तेव्हा तिला कळले की नवऱ्याने तो उसना आणला होता. सूट देऊन टाकून ती दुपारभर पडून रडली. टॉम तिला आगगाडीत प्रथम भेटला तेव्हा तिच्या लक्षात काय राहिले, तर त्याचा ऊंची पोशाख, चकाकते बूट आणि तिच्या दंडाला चिकटलेला त्याच्या शर्टाचा पांढरा पुढा.

डेझीचे शर्ट आणि मर्टलचा तो उसना सूट शेजारी ठेवून पाहा. एकीच्या रडण्यावर शंभर वर्षे लेख लिहिले जातात आणि दुसरीचे रडणे विनोद म्हणून वाचले जाते. शेवटी गॅट्सबीची पिवळी मोटार मर्टलला उडवते, ती चालवत असते डेझी, आणि दोष आपल्या अंगावर घ्यायला गॅट्सबी तयार होतो. मर्टलबद्दल तो एक शब्दही हळहळत नाही. त्याच्या प्रेमाला आपण उदात्त म्हणतो तेव्हा हे पान उलटून पुढे गेलेले असतो.

गादीवाला

ताई, उसन्या सुटाची गोष्ट मी वाचली होती आणि तरीही मला आठवली नाही, याची लाज वाटली. आमच्या स्वतःच्या घरात एक काळा कोट होता, तो माझ्या वडिलांच्या, थोरल्या चुलत्यांच्या आणि शेजारच्या एका गृहस्थांच्या अशा तीन लग्नांच्या फोटोंत दिसतो. बाह्या तिघांनाही आखूड किंवा लांब आहेत. आता लोक शेरवानी भाड्याने आणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, पण त्या काळी कोट कोणाचा हे नवरीकडे कळू नये म्हणून केवढी खबरदारी घेतली जाई. मर्टलच्या नवऱ्याची दया आली. त्याने तरी दुसरे काय करायचे होते?

भोगावतीकाठ

मी शेतकरी कुटुंबातला आहे आणि इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालो आहे. चर्चा प्रेमाकडे आणि डेझीकडे वळली म्हणून मी थांबलो होतो, पण श्रीमंती आणि भ्रम या दोन्हींबद्दल बोलायचे तर गॅट्सबीच्या वडिलांना वगळता येणार नाही.

गॅट्सबी हे त्याने सतराव्या वर्षी घेतलेले नाव. मूळचा तो जेम्स गॅट्झ, नॉर्थ डकोटातल्या कफल्लक शेतकऱ्याचा मुलगा. माझे सगळे नातेवाईक वारले आणि मला वारसा मिळाला, असे तो निकला सांगतो. तो मेल्यावर मात्र वर्तमानपत्रात बातमी वाचून म्हातारे वडील हेन्री गॅट्झ येतात. मुलाने दोन वर्षांपूर्वी येऊन आपल्याला घर घेऊन दिले, असे ते अभिमानाने सांगतात. म्हणजे जगाला मेलेला म्हणून सांगितलेल्या बापाला तो चोरून घर घेऊन देत होता.

ते खिशातून एक फोटो काढतात. मुलाने पाठवलेला, याच वाड्याचा, कोपरे तडकलेले, अनेक हातांनी मळलेला. ज्या वाड्यात ते उभे आहेत त्याचाच फोटो ते निकला उत्सुकतेने दाखवत राहतात, इथे बघा, तिथे बघा म्हणून. त्यांनी तो इतक्यांदा दाखवला होता की प्रत्यक्ष घरापेक्षा तो फोटोच त्यांना खरा वाटत असावा, असे निक लिहितो. मी हे वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. आमच्या गावात एक काका आहेत, त्यांचा मुलगा परदेशी आहे. पारावर बसले की ते मोबाईल काढतात आणि मुलाच्या घराचा फोटो बोटांनी मोठा करून दाखवतात: हे गॅरेज, ही खिडकी, ही आतली खोली. ऊसबिल जमा झाले का, हा विषय चालू असला तरी फोटो एकदा फिरतोच. काका त्या घरात तीन महिने राहून आले आहेत, पण तिथल्या आठवणी विचारल्या तर ते पुन्हा फोटोच काढतात.

त्या वडिलांनी लहानपणीचे एक पुस्तकही आणलेले असते, त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलाने १२ सप्टेंबर १९०६ या तारखेने दिनक्रम लिहिलेला आहे. सकाळी सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, आठवड्याला एक चांगले पुस्तक वाचणे. आठवड्याला पाच डॉलर वाचवणे, असे लिहून पाच खोडले आहेत आणि तीन केले आहेत. सर्वांत शेवटी, आईवडिलांशी अधिक चांगले वागणे. डेझी तेव्हा त्याच्या आयुष्यात आलेली नव्हती. ती यायला अजून अकरा वर्षे होती. त्यामुळे शर्टांचा तो ढीग डेझीसाठी रचला होता, हे मला अर्धेच खरे वाटते. पाचाचे तीन करणाऱ्या त्या मुलाने तो आधीच रचायला घेतला होता आणि डेझी पुढे त्याला कारण म्हणून मिळाली. एरवी मेजवान्यांना शेकडो लोक येत होते. अंत्यविधीला वडील, निक, काही नोकर, एक पोस्टमन आणि तो घुबडासारख्या चष्म्याचा पाहुणा एवढेच पावसात उभे होते. महिनोन्महिने त्याच्या घरी फुकट राहिलेल्या एकाने फोन केला तो विसरलेले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणून. कपड्यांवरून सुरू झालेल्या या धाग्यात ते बूटही असू द्यावेत.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मर्टलचा सूट आमच्या बैठकीत कोणालाही सुचला नव्हता, आणि एकतिसावी यांची तक्रार मी पुढच्या रविवारी जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे. बँक अधिकारी मान्य करणार नाहीत, ते सोडा.

माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे गॅट्सबीला कळले असेल का, याचे उत्तर कोणी थेट दिले नाही, म्हणून काल संध्याकाळी पुस्तक घेऊन रंकाळ्यावर जाऊन बसलो आणि शर्टांच्या पुढचे पान पुन्हा वाचले. पाऊस येऊन गेल्यामुळे पाण्यावर धुरकट झाले होते. पलीकडच्या काठावरचे दिवे लागले होते पण शालिनी पॅलेसची कड नीट दिसत नव्हती. पुस्तकातही त्या दुपारी पाऊसच आहे. डेझीचे रडणे कसे थांबले हे लेखक सांगतच नाही. शर्टांनंतर लगेच तिघे खिडकीशी उभे आहेत. धुके नसते तर इथून तुझे घर दिसले असते, गॅट्सबी तिला सांगतो, तुझ्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा जळत असतो.

हे ऐकून डेझी एकदम त्याच्या हातात हात अडकवते. इतक्या वर्षांत प्रथमच ती आपण होऊन त्याच्या इतकी जवळ आली आहे. आणि त्याचे तिकडे लक्ष नाही. तो आपल्याच वाक्यात गुंतलेला आहे. तो दिवा आता धक्क्यावरचा एक साधा दिवा झाला, आपल्या जवळच्या जादूच्या वस्तूंत एक कमी झाली, असे त्याच्या मनात आले असावे, असा निकचा तर्क आहे. बाई शेजारी उभी आहे, तिचा हात त्याच्या हातात आहे, डोळे कदाचित अजून ओले आहेत, आणि हा माणूस धुक्यात न दिसणाऱ्या दिव्याचा हिशेब करतो आहे. ती का रडली हे त्याने तिला विचारलेले नाही. मी ते पान दोनदा तपासले.